पॉलिशवर वाढवलेले टोणगे आणि मूतखडा: दापोलीकडचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

गाव आणि माणसं ओळखू येतील असं काही लिहीत नाही. दापोली तालुका, खाडीच्या अंगाचं गाव, एवढं पुरे. माणूस चाळिशीतला, बरीच वर्षं कुवेतला काढून परत आलेला, गावात सगळे त्याला भाई म्हणतात म्हणून इथेही भाईच. मी या पट्ट्यात दुभत्या गाई-म्हशींचं राशन काढून द्यायचं काम करतो, म्हणजे कोणता चारा किती, पेंड किती, मिनरल किती, हे वजन आणि दूध बघून बसवून द्यायचं. मांसासाठी वाढवायच्या जनावरांचं काम आमच्याकडे क्वचितच येतं.

भाईने दिवाळीनंतर मुंबईकडच्या तबेल्यांतून दोन खेपांत १८ टोणगे म्हणजे म्हशीचे नर आणले, आठ-दहा महिन्यांचे, वजन साधारण ११० ते १४० किलो. तबेल्याचा हिशोब सरळ असतो, दूध विकायचं आहे, मग नर रेडकाला दूध पाजून वाढवायचं कशाला, त्यामुळे बरीचशी उपाशीच जातात आणि जी जगतात ती मिळेल त्या भावाला निघतात. महाराष्ट्रात २०१५ पासून गाय, बैल, वळू सगळ्यांचीच कत्तल बंद आहे, म्हशी-रेडे त्या बंदीत येत नाहीत पण कत्तलीआधी तपासणी आणि सर्टिफिकेट लागतंच. त्यामुळे मांसाच्या जनावरांच्या खुराकाचं जे शास्त्र बाहेरच्या व्हिडिओंत दिसतं ते आपल्याकडे कोणावर लावायचं तर टोणग्यांवरच.

भाईचा पहिला प्लॅन होता बकरी ईदला विकायचे. तो घरातच मोडला, कारण कुर्बानीला म्हैसवर्गीय जनावर दोन वर्षं पूर्ण झालेलं लागतं आणि हे तोपर्यंत दीड वर्षाचेही होणार नव्हते. मग ठरलं की वर्षभर वाढवायचे आणि मुंबईत देवनारच्या कत्तलखान्याला माल नेणाऱ्या व्यापाऱ्याला वजनावर द्यायचे.

खायला काय, तर घरचा आणि शेजारपाजारचा भाताचा पेंढा, अंगणात दोन मोठ्या उडव्या रचलेल्या, आणि ओळखीच्या राइस मिलमधलं पॉलिश. पॉलिश म्हणजे तांदूळ पांढरा करताना निघणारा तो मऊ, तेलकट कोंडा. गावच्या हलरवर मिळतो तो कोंडा वेगळा, त्यात निम्मं तूस असतं. मिलवाला पॉलिश स्वस्तात द्यायचा, टेम्पो घरचा, त्यामुळे प्रत्येक टोणग्याला दिवसाला दोन किलो पॉलिश पाण्यात कालवून आणि पेंढा पोटभर. बास. मीठ नाही, मिनरल नाही, हिरवं म्हणजे कोणी बांधावरचं गवत कापून टाकलं तर.

अडचण

जानेवारीपर्यंत सगळं बरं दिसत होतं. पोटं भरलेली, कातडी चकचकीत (पॉलिशमधल्या तेलाने केस चमकतातच, त्यावर जाऊ नये), भाई खूश. फेब्रुवारीत व्यापारी नुसता बघायला आला आणि म्हणाला, ‘पोट वाढलंय भाई, पाठ कुठे वाढलीय?’ त्याने पाठीच्या कण्यावर हात फिरवून दाखवला, हाडं बोटाला लागत होती.

एप्रिलमध्ये एक टोणगा दोन दिवस खाणं सोडून उभा राहिला, शेपूट वर करून कुंथायचा, मागच्या पायाने पोटाला लाथा मारायचा. घरच्यांना वाटलं पोटफुगी किंवा बद्धकोष्ठ, म्हणून तेल पाजलं. तिसऱ्या दिवशी तो एकदम शांत झाला, घरच्यांना वाटलं उतार पडला, पण खालून पोट पखालीसारखं लटकायला लागलं आणि रात्रीत गेला. नंतर डॉक्टर म्हणाले तो शांत झाला तेव्हाच मूत्राशय फुटलं असणार, ताण गेला म्हणून कळ गेली.

आठवड्याभरात दुसरा तसाच उभा. यावेळी पशुवैद्यक डॉक्टरांना लगेच बोलावलं, त्यांनी मूतखडा सांगितला, लघवीची वाट बंद. ऑपरेशन करून मूत्राशयात नळी बसवली, म्हणजे खडा विरघळेपर्यंत लघवी नळीतून बाहेर. आणि मग त्यांनी भाईला जे दाखवलं त्याने सगळं प्रकरण उघडं पडलं. बाकीच्या टोणग्यांच्या शिश्नावरच्या आवरणाच्या तोंडाशी जो केसांचा झुपका असतो तो बोटांत धरून चोळला तर करकर लागत होता, वाळूसारखे पांढरे कण केसांना चिकटलेले. सोळांपैकी नऊ जणांच्या केसांवर ते होते. म्हणजे ही दोन जनावरांची गोष्ट नव्हती, अर्धा गोठा त्याच रांगेत उभा होता.

डॉक्टरांनी मला फोन केला, ‘उपचार मी बघतो, पण यांच्या गव्हाणीत काय पडतंय ते तुम्ही बघा.’

आधी काय चाललं होतं ते मोजलं

पहिलं काम म्हणजे वजन. काटा नव्हता, म्हणून टेपने छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी, दोन्ही इंचात. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, उत्तर किलोत. घेर ५० आणि लांबी ४३ असेल तर १६३ किलो. म्हशीच्या अंगाला हे सूत्र थोडं इकडेतिकडे होतं, पण दर वेळी तीच टेप आणि तोच माणूस असेल तर वाढ बरोबर कळते. सरासरी १६० च्या आसपास आली. आणतानाचं वजन व्यापाऱ्याच्या अंदाजाचं, तरी धरून चाललं तर रोजची वाढ दोनशे-सव्वादोनशे ग्रॅम. चांगल्या खुराकावर टोणगा याच्या दुप्पट सहज वाढतो.

मग कागद घेऊन बसलो. दोन किलो पॉलिश आणि अंदाजे अडीच किलो पेंढा, मिळून कोरडा पदार्थ (खाण्यातलं पाणी वगळून उरतो तो) चार किलोच्या थोडा वर, म्हणजे वजनाच्या अडीच टक्के. पोट भरायला पुरेसं. एनर्जीही फार कमी नाही, एकूण पचनीय पदार्थ ५५ टक्क्यांच्या आसपास. प्रोटीन मात्र पॉलिशमधून सव्वादोनशे ग्रॅम आणि पेंढ्यातून ऐंशी, मिळून तीनशे-सव्वातीनशे, म्हणजे साडेसात-आठ टक्के, जिथे निदान अकरा-बारा हवं. पाठ का वाढत नाही याचं उत्तर इथेच होतं. शिवाय पॉलिशमध्ये तेल चौदा-पंधरा टक्के, म्हणजे सगळ्या खाण्यात तेल सहा टक्क्यांच्या वर, आणि तेवढ्या तेलाने पोटातले पेंढा पचवणारे जंतू दबतात. पेंढा खातोय पण अंगाला लागत नाही, असं लोक म्हणतात त्यातला एक प्रकार हा.

खरा घोळ पुढच्या ओळीत. पॉलिशमध्ये फॉस्फरस दीड टक्क्याच्या आसपास आणि कॅल्शियम ०.१ टक्क्यापेक्षाही कमी. रोजचा हिशोब केला तर पोटात फॉस्फरस २९ ग्रॅम आणि कॅल्शियम ७ ग्रॅम. पाहिजे उलटं, कॅल्शियम फॉस्फरसच्या दीड ते दोन पट. इथे फॉस्फरस चौपट. त्यातही पेंढ्यात ऑक्झलेट असतं, ते त्या सात ग्रॅममधलंही थोडं कॅल्शियम बांधून ठेवतं. दाण्या-कोंड्यातला फॉस्फरस कोंबडीला नीट पचत नाही पण रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातले जंतू तो सोडवतात, म्हणजे तो अंगात जातो, आणि जास्तीचा लघवीतून बाहेर पडायला लागला की लघवीत मॅग्नेशियम-अमोनियासोबत त्याचे खडे धरतात. मादीची लघवीची वाट रुंद आणि आखूड, तिला फरक पडत नाही. नराची वाट लांब, अरुंद आणि मध्ये वळण असलेली, तिथे खडा अडकतो. त्यामुळे वर्षानुवर्षं म्हशीला पॉलिश घालणाऱ्याने कधी मूतखडा बघितलेला नसतो आणि तो छातीठोकपणे सांगतो, आमच्याकडे काही होत नाही.

आता प्रश्न, पॉलिश तर नोव्हेंबरपासून चालू होतं, मग खडा एप्रिलमध्येच का अडकला? याचं उत्तर भाईच्या आईने दिलं, त्यांना आम्ही खाला म्हणतो. त्या म्हणाल्या, ‘होळीनंतर जनावरं पाणीच पीत नाहीत दादा, तोंड लावतात आन सोडतात.’ विहीर खाडीच्या बाजूला, मार्चनंतर पाणी खाली गेलं की मचूळ होतं. वर बादलीने दोनदाच पाणी. चार किलो कोरडं खाणाऱ्या जनावराला गारव्यातही पंधरा-वीस लिटर लागतं, उन्हाळ्यात पंचवीसच्या वर, आणि हे बघितलं तर दोन बादल्यांतही उरवत होते. कमी पाणी म्हणजे घट्ट लघवी. खाण्याने खडा तयार केला आणि पाण्याने तो अडकवला, असं माझं मत झालं आणि डॉक्टरांचंही जवळपास तेच.

डॉक्टरांनी शेणही तपासायला पाठवलं होतं, त्यात चपट्या कृमींची अंडी निघाली. भातखाचराच्या पाण्यातल्या गोगलगायींमधून येणारे कृमी आपल्याकडे नवीन नाहीत. वाढ खुंटण्यात त्यांचाही वाटा असणार, आणि हे पुढे निकाल वाचताना लक्षात ठेवायला हवं.

समोर कोणते पर्याय होते

भाईची स्वतःची कल्पना पहिल्यांदा सांगतो. त्याने अमेरिकेतल्या फीडलॉटचे, म्हणजे मांसाची जनावरं वाढवायच्या मोठ्या गोठ्यांचे, व्हिडिओ बघितले होते, तिथे शेवटच्या महिन्यांत जनावराच्या खाण्यात ऐंशी-नव्वद टक्के दाणा-खुराक असतो आणि वाढ रोज दीड किलो. त्याचं म्हणणं पॉलिश बंद करून मका सुरू करू, चार किलो. मी नको म्हटलं. तिथली जात वेगळी, दाण्यावर आणायला तीन-चार आठवड्यांच्या पायऱ्या असतात, अॅसिडोसिस (जास्त दाण्याने पोटात आम्ल वाढणं) रोखायला औषध असतं, आणि एवढं करूनही तिथल्या नरांना मूतखडा होतोच, कारण मक्यातही फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम जवळजवळ शून्य. शिवाय कोकणात मका घाटावरून येतो, भाडं धरून तो परवडत नाही.

दुसरा पर्याय दुकानदाराने सुचवलेला, तयार कांडी खाद्य. सोपं, मिनरल घातलेलं, पण ते दुभत्या जनावरासाठी बनवलेलं असतं आणि १६ टोणग्यांना रोज दोन किलो म्हणजे महिन्याला जवळपास टनभर. भाईने हिशोब केला आणि गप्प बसला.

तिसरा, पॉलिश तसंच ठेवायचं आणि वर मिनरल मिक्स्चर घालायचं. हा पर्याय सगळ्यात मोहात पाडणारा, कारण काहीच बदलावं लागत नाही. पण नेहमीच्या मिनरल मिक्स्चरमध्ये कॅल्शियमसोबत फॉस्फरसही भरपूर असतो. पन्नास ग्रॅम घातलं तरी दहा-बारा ग्रॅम कॅल्शियम येणार आणि बरोबर पाच-सहा ग्रॅम फॉस्फरसही. चौपटीचं उलटं गणित त्याने सुलटं होत नाही. इथे नुसतं कॅल्शियम लागतं.

मग नुसतं कॅल्शियम कुठलं, यावरही चर्चा झाली. गावातले एक जण म्हणाले खाडीच्या शिंपल्यांचा चुना आहेच की. भाजलेला चुना अजिबात नको, तो दाहक, तोंड-पोट भाजतं. न भाजलेल्या शिंपल्यांची बारीक भुकटी चालते, पोल्ट्रीवाले वापरतातच, पण चांगली दळलेली हवी. शेवटी पोल्ट्री खाद्याच्या दुकानातूनच कॅल्साइट पावडर म्हणजे चुनखडीच्या दगडाची भुकटी घेतली, ३८ टक्के कॅल्शियम, आणि हे सगळ्या यादीतलं सगळ्यात स्वस्त निघालं.

किनारपट्टीवर असल्याने सुक्या मासळीची कुटीही कोणी ना कोणी सुचवतंच. प्रोटीन आहे खरं. पण फॉस्फरसही मोप, बंदरावरच्या मालात मीठ आणि वाळू किती ते कोणी सांगू शकत नाही, आणि वास येतो म्हणून टोणगे गव्हाणीत तोंड घालत नाहीत. काजूची बोंडं त्या दिवसांत फुकट पडलेली असतात, भाईने पाटीभर टाकून बघितली, जनावरांनी आवडीने खाल्ली, पण दोन दिवसांत ती आंबतात आणि सीझन संपला की संपली. भरवशाचं राशन त्यावर उभं राहत नाही.

पेंढ्याला युरिया ट्रीटमेंट करायची हाही विचार होता, शंभर किलो पेंढ्याला चार किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडायचा, प्लास्टिकखाली तीन आठवडे दाबून ठेवायचा, प्रोटीन साडेतीनवरून सात-आठ टक्क्यांवर जातं. मे महिना, पाण्याची ओढ, आणि कलमांच्या बागेत आंबा उतरवण्यात सगळी माणसं अडकलेली, म्हणून तेव्हा नाही केलं. माझ्या मते ही गोष्ट भात झोडून झाल्यावर करायची असते.

निर्णय आणि काय केलं

डॉक्टर, भाई आणि मी बसून क्रम ठरवला. आधी पाणी, मग कॅल्शियम आणि मीठ, मग जंताचं औषध, आणि खुराक बदलायचा तो सगळ्यात शेवटी आणि हळूहळू. हा क्रम महत्त्वाचा होता, कारण भाईला सगळं उद्यापासून बदलायचं होतं. नऊ जनावरांच्या केसांवर खडे दिसतायत आणि त्यांना एकदम नवा दाणा घातला तर मूतखड्याच्या जोडीला अॅसिडोसिस.

पाण्यासाठी वाडीच्या वरच्या अंगाच्या विहिरीचं गोडं पाणी पाइपने आणलं आणि गोठ्याबाहेर सावलीत जांभ्याची जुनी डोण होती ती सिमेंटने लिंपून दिवसभर भरलेली ठेवली. दोनदा बादली बंद, पाहिजे तेव्हा पी. मिठाचा डोस खुराकात दहा ग्रॅमपासून सुरू करून दोन आठवड्यांत चाळीस ग्रॅमपर्यंत नेला, तहान वाढावी म्हणून. हे मीठ गोडं पाणी आल्यावरच. मचूळ पाण्यावर वर मीठ घातलं असतं तर उलट झालं असतं. लघवी आम्लाकडे न्यायला डॉक्टरांनी अमोनियम क्लोराइड दिलं, वजनावर डोस, ठरावीक दिवस, कारण हे फॉस्फेटचे खडे अल्कली लघवीत धरतात. ते औषध आहे, शेजाऱ्याच्या सांगण्यावरून घालायची वस्तू नाही.

बर्डिझो चिमट्याने टोणगे खच्ची करायचं भाईचं आधीच ठरलं होतं, गोठ्यात मारामाऱ्या सुरू झाल्या होत्या. डॉक्टरांनी थांबवलं. लहान वयात खच्ची केलं की लघवीच्या वाटेची वाढ मागे पडते आणि इथे तर वाटच बंद होत होती. मारामाऱ्यांवर उपाय म्हणून दोन गट करून मध्ये बांबूची आडवण घातली.

नवं राशन १६० किलोच्या टोणग्याला असं बसलं: पेंढा कुट्टी करून दीड किलो, हिरवा नेपियर (उंच वाढणारं चाऱ्याचं गवत) सहा किलो, मका भरडा ७०० ग्रॅम, शेंगपेंड ४०० ग्रॅम, पॉलिश अर्धा किलो, तूर चुनी ३०० ग्रॅम, कॅल्साइट ४० ग्रॅम, मिनरल मिक्स्चर २० ग्रॅम, आणि मीठ. कोरडा पदार्थ सव्वाचार किलो, प्रोटीन ४७० ग्रॅम म्हणजे ११ टक्के, पचनीय पदार्थ ५९ टक्के. कॅल्शियम साधारण ३० ग्रॅम, फॉस्फरस १८. गुणोत्तर दीडच्या थोडं वर. नेपियरमध्येही ऑक्झलेट असतं म्हणून कॅल्शियम काठावर ठेवलं नाही. नेपियर घरचा नव्हता, शेजारच्या दूधवाल्याकडून शेणखताच्या बदल्यात घेतला आणि पावसाळ्याच्या तोंडावर भाईने स्वतःची दहा गुंठे लावली.

पॉलिश पूर्ण बंद का नाही केलं, असं डॉक्टरांनी विचारलं होतं. प्रश्न बरोबर होता. माझं म्हणणं असं की पॉलिशमध्ये एनर्जी आहे, ते दारात मिळतं, आणि पूर्ण तोडलं तर मका वाढवावा लागतो आणि महिन्याभरात भाई खर्चाला कंटाळून परत दोन किलो पॉलिशवर जाणार. अर्धा किलो त्याला झेपतं आणि कॅल्साइटने ते झाकताही येतं. डॉक्टर तयार झाले पण म्हणाले, केसांवर खडे दिसेनासे होईपर्यंत पाव किलोच. तसंच केलं.

दाणा दोन आठवड्यांत चढवला. सकाळी आधी पेंढा-हिरवं, मग आंबोण म्हणजे दाणा-पेंडीचं मिश्रण, संध्याकाळी तसंच, म्हणजे रिकाम्या पोटी मका जात नाही. रोज कोणीतरी शेणाकडे बघायचं, ते पातळ आणि आंबूस झालं की मका दोन दिवस मागे. हे काम खालांनी अंगावर घेतलं आणि त्यांच्याइतकं नीट कोणीच केलं नसतं.

काय झालं

मेच्या शेवटी डॉक्टरांनी पुन्हा केस चोळून बघितले, दोनच जनावरांवर कण राहिले होते. नवीन खडा अडकलेलं जनावर एकही नाही. नळी बसवलेला टोणगा सुधारला, तीन आठवड्यांनी मोकळी लघवी करायला लागला, पण वजनात बाकीच्यांच्या मागेच राहिला. त्याच्यावर जेवढा खर्च झाला तेवढा तो विकूनही भरून निघाला नाही, हे खरं आहे ते सांगायला हवं.

जूनच्या मध्यापर्यंत रोजची वाढ साडेचारशे ग्रॅमच्या आसपास आली. यातलं राशनचं किती आणि जंताच्या औषधाचं किती, हे वेगळं काढता येत नाही, दोन्ही एकाच महिन्यात झालं. मला विचाराल तर मोठा वाटा प्रोटीन आणि पाण्याचा. पाणी प्यायला लागल्यापासून खाणंही वाढलं होतं.

पैशाचं गणित भाईच्या वहीतलं. जुन्या पद्धतीत पॉलिशला दिवसाला ४४ रुपये आणि वाढ सव्वादोनशे ग्रॅम धरली तर किलोमागे १९५ च्या वर. नव्यात रोकड खर्च ६२ रुपये आणि वाढ ४५० ग्रॅम, म्हणजे किलोमागे १३८. रोजचा खर्च जास्त दिसतो म्हणून भाई पहिले पंधरा दिवस कुरकुरत होता, मग किलोमागचा आकडा लिहून दिला तेव्हा थांबला. पण पेंढा आणि हिरवं यात धरलेलं नाही, ते धरलं तर गणित एवढं गोड राहत नाही.

जुलै-ऑगस्ट वाईट गेला. पावसाळ्यातला नेपियर नुसतं पाणी, सहा किलो कापला तरी कोरडा पदार्थ किलोभरही नाही, तो सावलीत सुकवून घालावा लागला. शेंगपेंडीचं एक पोतं आतून हिरवट झालेलं निघालं. कोकणातल्या हवेत शेंगपेंड ही सगळ्यात आधी बुरशी धरते आणि त्या बुरशीचं विष लिव्हरला लागतं, वाळवून-भाजून जात नाही. भाईला वाटलं थोडं थोडं मिसळून संपवू. आम्ही ते खड्ड्यात पुरायला लावलं. त्यानंतर दोन महिने शेंगपेंडीऐवजी खोबऱ्याची पेंड, प्रोटीन कमी म्हणून ७०० ग्रॅम, आणि तेवढा मका कमी. वाढ साडेतीनशेवर उतरली, गणपती झाल्यावर परत चढली. व्यापाऱ्याने दिवाळीआधी बारा उचलले, बाकीचे नोव्हेंबरात गेले. पाठीवर त्याने परत हात फिरवला आणि यावेळी बोलला काही नाही, भाव मात्र पहिल्यापेक्षा बरा दिला.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं, जनावर आणल्याच्या आठवड्यात टेप लावायला हवी होती आणि शेण तपासायला. चार महिने वाढ होत नाहीये हे कोणाच्या लक्षातच आलं नाही, कारण पोट भरलेलं दिसत होतं. महिन्याला एकदा घेर-लांबी वहीत असती तर डिसेंबरातच कळलं असतं.

दुसरं, पहिला टोणगा कुंथत होता तेव्हा तेल पाजण्यात दोन दिवस गेले. नर जनावर शेपूट वर करून कुंथतंय आणि खाली जमीन कोरडी आहे, तर ते पोटाचं दुखणं नाही असं धरून त्याच दिवशी डॉक्टर. केस चोळून बघणं तर फुकट आहे, पॉलिश किंवा गव्हाचा कोंडा घालणाऱ्या प्रत्येकाने नरांचं आठवड्याला एकदा बघावं.

मिठाबद्दल डॉक्टरांचं आणि माझं एकमत नाही अजून. त्यांच्या मते चाळीस ग्रॅम कायम ठेवावं. मला वाटतं पावसाळ्यात, हिरव्यातूनच भरपूर पाणी जात असताना, वीसवर आणायला हरकत नाही.

आणि युरियाचा पेंढा. यंदा भाईने नोव्हेंबरात एक उडवी ट्रीट करून ठेवली आहे, त्यावर शेंगपेंड शंभर ग्रॅमने कमी करता येते का ते नव्या लॉटवर बघायचं आहे. नवा लॉट १२ चाच आहे. मिलवाल्याने पॉलिश अजून स्वस्त केलंय आणि भाईचा फोन आला होता, ‘दादा, एक किलो केलं तर?’ हिशोब करून सांगितलं, पाऊण किलोपर्यंत जा, मका तेवढा कमी कर आणि कॅल्साइट ५५ ग्रॅम कर, आणि मार्चला विहिरीचं पाणी चाखून बघ, मचूळ लागलं की पॉलिश परत अर्ध्यावर.